भांडणाचा डबा

वायरमनकाकांनी डब्याचं झाकण उघडलं आणि विमान हातभर वर उचललं गेलं. खोटं वाटत असेल, तर त्या दिवशीच्या कुठल्याही प्रवाशाला विचारा. लसणात परतलेली सुकी मासळी होती ती! मागच्या रांगेत मघापासून टाहो फोडणारं तान्हं बाळ एकदम गप्प झालं आणि विचारात पडलं. वैमानिक म्हणे काच खाली करायचं हँडल शोधत होता.

काकांनी मात्र तिरक्या नजरेनं फक्त शेजारणीकडे पाहिलं. आता ही बोलेल. बोलायलाच हवं.

गोष्ट अशी, की दोन वर्षांत काकांवर कुणी डाफरलं नव्हतं. बायको होती तोवर या मासळीवरून घरात हमखास रण पेटायचं. "शेजारीपाजारी विचारायला येतील, घरात मेलंय कोण म्हणून!" ती नाक चिमटीत धरून ओरडायची. शिडीवर चढून तारा जोडताना काका जेवढे सावध, तेवढेच भांडणात बेफाम. "मग तुझं नाक माहेरी ठेवून ये," म्हणायचे, की झाली संध्याकाळच्या चहापर्यंतची बेगमी. ती गेली, आणि घर असं काही शांत झालं, की भिंतीवरची पालसुद्धा दबकून चालायला लागली.

म्हणून ते काही दिवस मुलाकडे राहायला गेले होते. मुलगा-सून दोघंही गुणी. काकांनी टीव्ही मोठ्यानं लावला, तर दोघं उठून आतल्या खोलीत गेली. ओल्या पायांनी गालिच्यावरून चालले, तर सुनेनं मुकाट पुसून घेतलं. "बाबा, तुम्हाला हवं तसं." शेवटी आज निघायच्या दिवशी काकांनी तिच्या चकचकीत स्वयंपाकघरात स्वतः मासळी परतली. आता तरी तोंडाचा पट्टा सुटेल! सुनेनं खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि वर डबा भरून हातात दिला.

विमान उतरलं की पुढे कुलूप लावलेलं घर. त्याआधीची ही शेवटची संधी. आणि शेजारीण पट्ट्यानं बांधलेली, जाते कुठे?

ती असेल पंचविशीची. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. तिनं आधी नाकाला रुमाल लावला, मग खिडकीकडे तोंड फिरवलं. काकांनी डबा आणखी तिच्याकडे सरकवला आणि एक तुकडा मुद्दाम कडाकडा चावला.

"अहो काका!" पोरगी गर्रकन वळली. "काही कळतं की नाही तुम्हाला? उतरल्यावर थेट मुलाखतीला जायचंय मला. हा शर्ट घमघमणार आता! बंद विमानात असलं कुणी खातं का?"

काकांच्या चेहऱ्यावर गेलेली लाईट आली.

"मग नाक सामानात टाकायचं होतं!" ते खुशीत कडाडले. "आणि मासळीला मासळीचा वास नाही येणार, तर काय मोगऱ्याचा येईल?"

एवढं बोलून ते सरसावून बसले. आता तिची पाळी. बायको असती, तर मोगऱ्यावरून सुरू होऊन थेट काकांच्या आत्याबाईंपर्यंत पोचली असती.

पण पोरीचा चेहरा उतरला. "सॉरी काका," ती हळूच म्हणाली. "तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे. मुलाखतीच्या टेन्शनमध्ये काहीच्या बाही बोलून गेले."

"अगं, काहीच्या बाही कसलं? छान चाललं होतं! 'असलं' म्हणालीस ना, त्यावर तर मी अजून तोंडच उघडलेलं नाही. बोल की आणखी!"

"किती चांगले आहात हो तुम्ही!" ती सुटकेनं हसली. मग हवाईसुंदरीला बोलावून तिच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि पट्टा सोडून उठली. "काका, मी जरा मागे बसते. थोडी तयारी करायचीय. राग नाही ना?"

"आहे ना," काका म्हणाले. "भयंकर राग आहे."

ती पुन्हा हसली, त्यांच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला आणि मागे निघून गेली.

काकांनी उरलेली मासळी संपवली. चव बरी होती. हवाईसुंदरी वाकून म्हणाली, "आजोबा, कडेची जागा तर रिकामीच होती, आता तिन्ही तुमच्याच. खुशाल पाय पसरा."

काकांनी मान डोलावली, आणि विमान उतरेपर्यंत आपल्याच जागेत अंग चोरून बसून राहिले.