आण्णांच्या तोंडातला घास

आमच्या पेठेच्या फुटबॉल संघाचे पहिले अकरा खेळाडू अजून तालमीत बसलेले आहेत. मरायच्या वेळी त्यांचं चामडं झालं, त्यामुळे त्यांना जाळता आलं नाही. भिंतीकडेच्या बाकावर ते ओळीने बसतात. अंगात पट्ट्यापट्ट्यांच्या जर्सी, मानेवर मागच्या बाजूला वादीने आवळलेली शिवण. शिवणीतून एक रबरी नळी बाहेर येते. रोज सकाळी पेठेतले तरुण आंघोळ करून येतात आणि त्या नळीला तोंड लावून त्यांना फुगवतात. पंप चालत नाही. पंप लावणं म्हणजे त्यांचा अपमान. फुगवून झालं की बोकडाची चरबी चोळायची, नाहीतर कोपरांना भेगा पडतात.

लग्न होऊन आले तेव्हा मलाही पाया पडायला नेलं होतं. पहिल्याच पायावर कपाळ टेकवलं, तर तो पाय कोमट होता. कपाळाला काहीतरी चिकटून आलं. मी ते पदराने पुसलं.

"पुसू नये गं," सासूबाई म्हणाल्या. "सुकू द्यावं."

अकरांपैकी दहा जण नुसते बसतात. अकरावे आण्णा, सेंटरला खेळायचे. ते चावतात. पेठेच्या पहिल्या सामन्याला निघताना त्यांनी दहीभाताचा एक घास तोंडात घेतला होता, तो अजून गिळलेला नाही. त्यात रोज चिमूटभर ताजा भात घालतात. पेठेत कुणाच्या बाळाचं उष्टावण असलं की त्यातलाच बोटभर काढून बाळाच्या जिभेवर ठेवतात, दुधाला विरजण लावावं तसा. बाळाला त्यानंतर तो सामना आठवायला लागतो.

दुसरं काही आठवत नाही. माझे मिस्टर, इंद्रजीत, जेवताना सांगतात, "चिखल घोट्यापर्यंत होता. मी डावीकडनं घुसलो, दोघांना काढलं, आणि वरच्या कोपऱ्यात दिला की ठेवून." शेजारचे सांगतात तेव्हाही चिखल घोट्यापर्यंत असतो आणि डावीकडनं घुसलेले ते स्वतःच असतात. सासूबाई रोज सकाळी इंद्रजीतना चहा देताना सांगतात, "मी अनुसया. तुझी आई."

"बरं बरं," ते म्हणतात. "बसा की, उभ्या का?"

मी एकदाच संघाचा सामना बघायला गेले. चेंडू उजवीकडे होता आणि आमचे सगळे डावीकडे पळत होते, कारण त्या पहिल्या सामन्यात चेंडू डावीकडे होता. आमचा गोलकी रिकाम्या कोपऱ्यात झेप घेऊन पडला, उठला, हात झटकून पुन्हा तिथेच पडला. समोरच्यांनी सावकाश चालत येऊन गोल केले. नंतर नंतर त्यांना ते करायचीही लाज वाटायला लागली. मग एकाएकी आमची सगळी पेठ उभी राहिली, हलगी कडाडली, गुलाल उडाला. तेव्हा चेंडू मैदानाबाहेर गेला होता आणि एक पोलीस तो शोधत होता. इंद्रजीत घसा बसवून घरी आले. दातांत गुलाल होता.

"जिंकलो," म्हणाले.

हे सगळं मी सहन केलं असतं. त्यांच्या उशीला येणारा ओल्या बुटांचा आणि चरबीचा वासही. पण आमची लेक जुई बसायला लागली आणि तालमीचे तात्या नारळ घेऊन दारात उभे राहिले. आण्णांच्या तोंडाची देखभाल तेच करतात. त्यांच्या उजव्या तर्जनीचं नख कायमचं पिवळं आहे.

"वैनी, येत्या रविवारी उष्टावण."

"मुलगी आहे तात्या."

"मग? आता पोरीबी खेळत्यात की. तालीम काय मागासलेली वाटली व्हय तुम्हांला?"

"मी घरी करणार आहे. मऊ वरणभात, माझ्या हातानं."

"त्यातनं काय आठवणार तिला?"

"मी आठवेन."

तात्या मनापासून हसले. "तुम्ही? कितव्या मिनिटाला होता मैदानात?"

मी नारळ घेतला नाही. ते तो उंबऱ्यावर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी आमची गल्ली आखूड झाली. घर आणि तालीम यांच्यामध्ये एक पिठाची गिरणी, एक न्हावी आणि दत्ताचं छोटं देऊळ होतं. गिरणी गेली. दळण घेऊन निघालेल्या बायका डबे काखेत धरून थोडा वेळ घुटमळल्या आणि घरी गेल्या. मग न्हावी गेला. बाळाचे कपडे वाळत घालताना मला तालमीतलं चावणं ऐकू यायला लागलं. ओल्या मातीत कुणीतरी पाय रोवतंय आणि उपसतंय, असा तो आवाज. दुपट्यांना चरबीचे डाग पडू लागले. मी ती उकळून काढली, पाण्यावर पिवळा तवंग आला, आणि तवंगावर एक मिशीचा केस.

"तिला नाही द्यायचं," मी इंद्रजीतना म्हटलं.

"अगं, बिघडतंय काय? मलाबी दिलंच होतं की."

"तुमची आई कोण?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सासूबाई भाकरी थापत होत्या. "त्या बाई चांगल्या आहेत," ते हळू आवाजात म्हणाले. "लई करतात आपल्यासाठी."

मी जुईला घेतलं, पिशवी भरली आणि मिरजेला माहेरी निघाले. कोपऱ्यावर पेठेतलीच रिक्षा होती. स्टँड म्हटलं. रिक्षावाल्याने मान डोलावली आणि जुन्या मैदानाच्या दिशेने घातली. तिथे आता अपार्टमेंट आहे. तो पार्किंगमध्ये शिरला, दोन खांबांच्या मधोमध थांबला आणि खाली उतरून चपला काढल्या.

"उतरा वैनी. चालू व्हायलंय."

"स्टँडला सोडा. बाळ आहे माझ्याजवळ."

"बाळाला वर उचलून धरा, म्हणजे दिसंल तिला," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. समोर एक स्कूटर होती आणि कुणाचं तरी वाळत घातलेलं गव्हाचं गोणपाट. मी पार्किंगच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडले, तर पुढे आमचंच दार होतं. सासूबाईंनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

रविवारी सकाळी दूध तापवायला उठले. मागचं दार उघडलं तर परसू नव्हतं, तालीम होती. आमचा ओटा तालमीच्या फरशीला जोडला गेला होता आणि आण्णा माझ्या गॅसशेजारी बसले होते. सासूबाई त्यांच्या कोपरांना चरबी लावत होत्या.

"तुम्ही इंद्रजीतना तो घास का दिलात?" मी विचारलं. "एकच मुलगा होता."

"मी नवऱ्यामागं इथं एकटी," त्या हात न थांबवता म्हणाल्या. "नाही दिलं तर पोराशी कोण बोलणार होतं? त्याला त्यातलं काहीच ठावं नसतं तर? आता बघ की, कुठंबी गेला तरी चार माणसं खांद्यावर हात टाकत्यात."

"आणि तुमचं?"

"माझं काय? रोज नाव सांगते. रोज नव्यानं ओळख होते." त्यांनी चरबीचा हात माझ्या गालाला लावला. "पहिली थोडी वर्षं जड जातात."

माणसं भरत गेली. ओट्यावर, कट्ट्यावर, पाळण्याच्या दांड्यावर माणसं. इंद्रजीतनी जुईला नवं झबलं घातलं होतं, पट्ट्यापट्ट्यांचं. त्यांनी तिला मांडीवर घेतलं आणि मला हात जोडून म्हणाले, "या, बसा." आण्णांची हवा थोडी कमी होती. एकाने मागे जाऊन नळीला तोंड लावलं, आण्णांची छाती वर आली आणि ओठ सुटले. खोलीभर वास पसरला. मी पदर नाकाला लावला. बाकीच्यांनी डोळे मिटून तो आत ओढला.

तात्यांनी तर्जनी आण्णांच्या गालात घातली. ती बरीच आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्यावर राखाडी गोळा होता आणि त्याची तार आण्णांच्या ओठापर्यंत ताणलेली. गोळा मधूनच आकसत होता. मी उकळून गार केलेलं पाणीसुद्धा थुंकणारी जुई त्याच्याकडे बघून हसली.

"आ कर बाळा," तात्या म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "आधी आईनं चाखायचं. तिखट असलं म्हणजे?"

असली रीत कुठेच नाही. पण मला ती त्या वेळी रीतच वाटली, आणि त्यांनाही वाटली असावी, कारण तात्यांचं बोट हवेत थांबलं. मी वाकून तो घास तोंडात घेतला.

तो गरम होता. आधी आंबट लागला, मग खारट, मग बुटाच्या खिळ्यासारखा. त्यात कुणाचे तरी दात होते आणि ते अजून कामात होते.

"गिळू नगा, वैनी," तात्या घाईने म्हणाले. "गिळलासा तर तुमचा झाला."

"थुंकू पण नको गं," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा विरजण लागणार नाही त्याचं."

परक्या बाईकडे बघावं तसे इंद्रजीत अदबीने माझ्याकडे बघत होते.

मी तोंड मिटून उभी राहिले. दवाखान्यात जुईला पहिल्यांदा माझ्या छातीवर ठेवलं, ते मी आठवायला घेतलं. नर्सची हिरवी टोपी, जुईच्या कानावरची लव, तिचा तो मांजरासारखा आवाज. सगळं होतं. फक्त पलंगाच्या पायांशी चिखल साचायला लागला होता. मी आणखी घट्ट आठवलं. घास तोंडात वाढत होता. आधी एक गाल भरला, मग दुसरा. नाकानेच काय तो श्वास चालला होता.

जुई वडिलांच्या मांडीवरून पुढे झुकली आणि मी तिला घेतलं. तिने माझ्या फुगलेल्या गालांना दोन्ही हात लावून पाहिले, एकदा दाबून पाहिले. मग माझ्या हनुवटीला धरून तिने स्वतःचं तोंड उघडलं, पिल्लू उघडतं तसं, घशापर्यंत लाल, आणि माझ्या ओठांपाशी आणलं.