कुठले त्स्वे?

समोरच्याला आडनाव विचारलं की बाबांचा भातावरचा हात थांबतो. घास कालवून तयार असतो, पण उत्तर येईपर्यंत तो उचलला जात नाही.

२००६ च्या मे महिन्यात, अमेरिकेत, बॉथेलच्या माझ्या अपार्टमेंटमध्ये, तो असाच थांबला. समोर वेन जेवत होता. 'माझ्या लॅबमधला कलीग' एवढीच त्याची ओळख मी करून दिली होती. आमचं लग्नाचं ठरून वर्ष झालं होतं. बाबांना सांगणं मी दर फोनला पुढे ढकललं होतं आणि आता ते स्वतःच आले होते, बॅगेत दोन स्थळांचे फोटो घेऊन.

"त्स्वे," वेन म्हणाला.

"कुठले त्स्वे?" बाबांनी इंग्रजीत विचारलं. मी पाणी आणायला उठले.

"काका, अमेरिकेत हे मला कुणीच विचारलेलं नाही." 'काका' मी शिकवलेलं. "माझे आजोबा मात्र प्रत्येकाला विचारायचे. आम्ही चीनमधल्या बोलिंगचे. हजाराहून जास्त वर्षांपूर्वीच्या थांग राजवटीतलं मोठं घराणं. सम्राटाच्या घरी मुली द्यायलासुद्धा कां-कू करायचे. चिडून एका सम्राटाने अशा घराण्यांना आपापसात लग्नं करायचीच बंदी घातली."

"मग?"

"मग त्यांचा भाव आणखी वाढला. चोरून करायचे."

बाबा खूश झाले. घास तोंडात गेला. "ऐकतेस ना शरयू? याला म्हणतात घराणं. आता कुठे असतात ही मंडळी?"

"नाहीत. राजवट कोसळताना एका सेनापतीने तीसेक बड्या दरबाऱ्यांना पिवळ्या नदीकाठी मारलं. त्यांत बोलिंगचा त्स्वेही होता. सेनापतीचा सल्लागार दरबारी नोकरीच्या परीक्षेत पुन्हापुन्हा नापास झालेला. तो म्हणाला, हे स्वतःला निर्मळ प्रवाह म्हणवतात ना, टाका गढूळ पाण्यात. प्रेतं नदीत फेकली."

माझ्या हातातला जग टेबलावर आपटला. दोन वर्षांत वेनने मला हे कधी सांगितलं नव्हतं.

"पण तुम्ही तर आहात," बाबा शेवटी म्हणाले.

"आडनाव आहे. आजोबा म्हणायचे, पुढे ज्याला हवं त्याने ते लावलं. आम्ही त्यांचे वंशज असू, नाहीतर त्यांचे घोडे राखणारे."

बाबा माझ्याकडे वळले. "तुमच्या लॅबमध्ये डीएनए टेस्ट करून कळेल की."

"नाही कळणार. कुणाशी ताडून बघायचं, बाबा?"

त्यांच्या बोटांवरचा भात वाळत चालला होता. "एवढं जपलं," ते मराठीत म्हणाले, "आणि शेवटी नदीत."

वेन माझ्याकडे बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं.

"बाबा, ते फोटो परत घेऊन जा. मी वेनशी लग्न करणार आहे."