चाळीसवर थांबलेला डाव

अश्विनीचा पहिला डार्ट बोर्डाच्या बराच खाली आपटून फरशीवर पडला. हात घसरला असेल म्हणून लोक गप्प राहिले. दुसराही तसाच पडला, तेव्हा खुर्च्यांमधून कुजबुज सुरू झाली. तिसरा तर तिने सरळ बोर्डाच्या पायथ्याशी टाकला, वाकून तिन्ही गोळा केले आणि बाजूला जाऊन उभी राहिली. आकडे पुकारणाऱ्या नितीनने घसा खाकरला आणि म्हणाला, "शून्य. पाचशे एकच राहिले."

आता धनश्रीची पाळी होती. ती रेघेवर जाऊन उभी राहिली. डोक्यात काही शिरत नव्हतं, पण हाताला सवय होती. तिने तीन डार्ट मारले, शंभर झाले. दोन-चार टाळ्या पडल्या आणि लगेच थांबल्या. अश्विनी पुन्हा रेघेवर आली आणि पुन्हा तीन डार्ट फरशीवर टाकून गेली.

केडगावच्या एका मंगल कार्यालयात राज्य स्पर्धेची महिलांची फायनल चालली होती. राज्य स्पर्धा म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं, त्यातलं इथे फारसं काही नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, चहाचा थर्मास होता, आणि जिथे एरवी नवरा-नवरी बसतात त्या स्टेजवर प्लायवूडला ठोकलेला बोर्ड होता. संध्याकाळी तिथेच कुणाचीतरी हळद असल्यामुळे फायनल एकाच डावाची ठेवली होती. खेळ तसा सोपा आहे. पाचशे एकवरून निघायचं, पाळीपाळीने तीन-तीन डार्ट मारत आकडा उतरवायचा, आणि शेवटचा डार्ट कडेच्या बोटभर पट्टीत, म्हणजे आकडा दुप्पट करणाऱ्या डबलमध्ये मारून बरोबर शून्य करायचं. ज्याचं शून्य आधी, त्याची फायनल.

धनश्रीची ही शेवटची फायनल होती. पुढच्या महिन्यापासून महिला गटात फक्त जन्माने बाई असलेल्यांनीच खेळायचं, असं संघटनेनं ठरवलं होतं. धनश्री काष्टीच्या कारभारी पैलवानाच्या घरी मुलगा म्हणून जन्मली होती. आपण बाई आहोत हे तिला स्वतःला फार लवकर कळलं आणि घराला फार उशिरा. अठराव्या वर्षी तिनं घर सोडलं आणि जत्रांमधून फुगे फोडण्याचा स्टॉल लावणाऱ्या केशरबाईकडे ती राहिली. केशरबाई फुगे अर्धेच फुगवायची. अर्ध्या फुग्याला बाण लागला तरी तो नुसता बाजूला सरतो, फुटत नाही. गिऱ्हाईक बोंब मारायला लागलं की धनश्रीनं उठायचं आणि त्याच बोथट बाणांनी रांगेतले पाच फुगे फोडून दाखवायचे. मग गिऱ्हाइकाचं तोंड बंद व्हायचं. नगरला मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या नितीनला डार्ट्सचं वेड होतं. त्यानं एका जत्रेत हे पाहिलं आणि तिला खऱ्या बोर्डापुढे आणून उभं केलं. बोथट बाणांवर शिकलेल्या हाताला खरा डार्ट म्हणजे चैनच होती. दोनदा ती राज्यात पहिली आली, एकदा कोलकात्यालाही जाऊन आली.

यंदा मात्र नवीनच सुरू झालं होतं. तिचं नाव पुकारलं की समोरची बाई यायचीच नाही. असं तीनदा झालं, तीनदा न खेळता तिला जिंकलेली ठरवलं, आणि एकदा तर कपसुद्धा हातात दिला. तो कप केशरबाईनं फुगे ठेवायला घेतला. धनश्रीनंही हसून तो तिला देऊन टाकला, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नव्हतं. आपल्यासमोर कुणी उभंच राहत नाही, याचं तिला जे दुःख व्हायचं, ते हरण्याच्या दुःखापेक्षा फार मोठं होतं. म्हणून जाता जाता एक तरी डाव खरा व्हावा, एवढंच तिनं या फायनलमध्ये मागितलं होतं. आणि त्याच आशेवर तिनं आई भागिरथीबाईंकडून वडिलांना, म्हणजे आबांना, निरोप धाडला होता की शेवटचं आहे, येऊन बघा.

आबा आले होते. ती गावी गेली की घराचं दार उघडं असायचं, पण आबांचं तोंड बंद असायचं. चहा होईपर्यंत ते लिंबोणीच्या बागेत जाऊन बसत, तो आजवरचा शिरस्ता. आज ते शेवटच्या रांगेत, गुडघ्यांवर दोन्ही हात टेकून बसले होते. बारक्या सुया मारायचा हा कसला खेळ, असा भाव तोंडावर होता, पण नजर हलत नव्हती.

डाव सुरू व्हायच्या आधी अश्विनी तिला पाण्याच्या टाकीपाशी भेटली होती. अश्विनी राहुरीच्या पतसंस्थेत कॅशियर, धनश्रीपेक्षा दहा वर्षांनी लहान. तिनं काही लपवाछपवी केली नाही.

"ताई, नियम बदला म्हणून संघटनेला पत्र गेलं, त्यावर माझी पण सही आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

"कळलं हुतं मला."

"तुमच्याबद्दल वाईट नाही मनात. पण तुम्हाला तालीम मिळाली. खांदा, दम, उभं कसं राहायचं, सगळं पोरगा म्हणून शिकवलं तुम्हाला. मी पोरांबरोबर गोट्या खेळले तर आई उलथनं गरम करायची. मग आपण दोघी सारख्या कशा?"

त्यात काहीच तथ्य नाही, असं धनश्रीला म्हणवेना.

"तालीम मिळाली, व्हय," ती म्हणाली. "पन तिथनं मी का पळाले ते बी ठावं हाय ना तुला?"

दोघींपैकी कुणीच कुणाला पटवू शकलं नाही, पण पाणी मात्र एकाच ग्लासानं प्यायल्या. त्यामुळे ही पोरगी खेळेल, असा धनश्रीनं विश्वास धरला होता. आता तीच पोरगी फरशीवर डार्ट टाकत होती. राज्याच्या फायनलला आलीच नाही तर वर्षभर राज्याच्या संघातून बाहेर, म्हणून यायचं तर खरं, पण खेळायचं नाही, असा निषेधाचा बेत ठरला होता. तो मुख्यतः अश्विनीचा नवरा हर्षल याचा होता. तोच तिचा कोच. पहिल्या रांगेत हाताची घडी घालून तो बसला होता आणि प्रत्येक पाळीनंतर तिला मानेनं बरोबर म्हणत होता.

धनश्री खेळत राहिली. आकडा उतरत उतरत चाळीसवर आला. चाळीस म्हणजे बोर्डाच्या अगदी माथ्यावर, विसाचा डबल. तिची सगळ्यात लाडकी जागा. तिथे तिनं आजवर कितीतरी डाव संपवले होते. पुढची पाळी आली, ती रेघेवर उभी राहिली, हात वर केला आणि तसाच थांबवला. एका डार्टात सगळं संपलं असतं. कप मिळाला असता, फोटो निघाला असता, आणि आणखी एक न झालेली फायनल तिच्या नावावर लागली असती. तीही आबांच्या देखत.

तिला आठवलं. ती सात-आठ वर्षांची असेल. एका जत्रेच्या आखाड्यात शेवटची कुस्ती लागली आणि आबांच्या समोरचा पैलवान, आतून काहीतरी ठरवून आलेला, आपणहून पाठीवर पडला. आबांनी त्याच्या छातीवर बसायचं सोडून त्याला हाताला धरून उठवलं. तो पुन्हा पडला, आबांनी पुन्हा उठवलं. लोक ओरडायला लागले. शेवटी पंचांनी कुस्ती सोडवली आणि फेटा कुणालाच दिला नाही. घरी येताना आईनं विचारलं, तेव्हा आबा एवढंच म्हणाले होते, "नुरा कुस्ती जिंकून घरी कुठल्या तोंडानं यायचं?"

धनश्रीनं हात खाली आणला आणि डार्ट फरशीवर टाकला. मग दुसरा, मग तिसरा. वाकून तिनं ते गोळा केले.

"शून्य," नितीन गोंधळून म्हणाला. "चाळीसच राहिले."

अश्विनी आली, तिनं टाकले. धनश्री आली, तिनंही टाकले. असं दोन-तीनदा झाल्यावर सभागृहात हशा पिकला, मग चिडचिड झाली. हळदीचे मंडपवाले झेंडूच्या माळा घेऊन दारात येऊन उभे राहिले. नितीन स्टेजच्या कडेला आला आणि हळूच म्हणाला, "ताई, मारा ना आता. कार्यालयवाला माझ्या नावानं ओरडतोय."

"नितीनभाऊ, किती वाईट मारायचं त्याचा काही नियम हाय का?"

"नियम नाही."

"मंग पुकारा तुमी."

अश्विनीनं पुढच्या पाळीचे डार्ट हातात घेतले, पण टाकले नाहीत. तिच्या कानशिलापर्यंत लाली चढली होती. ती रेघेवरूनच वळून, दबक्या आवाजात म्हणाली, "दया करता का माझ्यावर?"

"दया कशाची? आपली खडाखडी चालू हाय अजून. कुस्ती लागलीच न्हाई."

"मी नाही खेळणार. सांगितलंय ना."

"तुला मी हितं नको हाय. बरं. उद्यापासून न्हाईच मी. पन काढायचं तर हरवून काढ ना मला, अश्विनी. अशी आडवी पडून नको काढू. मी हितंच हाय. तू ये बरोबरीला, मंग दोघी मारू. तवर मी बी फरशीच झाडते."

हर्षलनं खुर्चीतून मान हलवली, नाही म्हणून. अश्विनीनं ती पाहिली. मग फरशीवर टाकलेल्या डार्टांचे पांढरे ओरखडे पाहिले. ती काही वाईट खेळाडू नव्हती. सकाळी लवकर उठून, डबा भरायच्या आधी ती तासभर सराव करायची, आणि इतक्या लोकांपुढे आपण जमिनीवर डार्ट टाकतोय, याची लाज तिला पहिल्या पाळीपासूनच वाटत असणार. ती बोर्डाकडे वळली. तिनं एक पाय पुढे घेतला, खांदा सैल सोडला आणि डार्ट मारला. तो विसाच्या ट्रिपलमध्ये, तिप्पट गुणांच्या बारीक पट्टीत बसला.

मग तिनं मागे वळून पाहिलंच नाही. ती काय सुंदर खेळली. पाचशे एकवरून ती पाळीमागून पाळी उतरत आली, आणि दर पाळीला धनश्री आपले तीन डार्ट खाली टाकून, ते उचलून, पदर सावरून बाजूला उभी राहत होती. मंडपवाल्यांनी माळा खाली ठेवल्या आणि तेही बसले. हर्षलच्या हाताची घडी कधी सुटली ते त्याला कळलं नाही. अश्विनीचे बत्तीस राहिले, म्हणजे सोळाचा डबल, तेव्हा नितीनचा आवाज चिरकला. आता दोघींनाही एकच डार्ट पुरणार होता.

धनश्री रेघेवर आली. आता खरं मारायचं होतं. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की तिला त्याचंच हसू आलं. किती दिवसांत ही भीती वाटली नव्हती. हरायची भीती. तिनं पहिला डार्ट मारला, तो डबलच्या तारेच्या जेमतेम बाहेर बसला. लागलीच दुसरा सोडला, तो पहिल्याला खेटून बाहेर. तिसरा आत आला, पण जास्तच आत, साध्या विसात. चाळीसाचे वीस राहिले.

अश्विनीचा पहिला बाहेर गेला. दुसरा सोळाच्या डबलमध्ये खस्सकन बसला.

टाळ्या बऱ्याच वाजल्या. अश्विनीनं उडी मारली नाही की हात उंचावले नाहीत. ती धनश्रीपाशी आली, तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मी सही मागं घेणार नाही, ताई."

"नको घेऊ," धनश्री म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि ती ते पुसतही नव्हती. "डाव झाला, बाई. लई झ्याक झाला."

आबा पुढे आले. गुडघे दुखत असल्यामुळे स्टेजच्या दोन पायऱ्यांना त्यांना वेळ लागला. त्यांनी आधी अश्विनीच्या पाठीवर थाप मारली आणि ती कुठली, कुणाची, हे विचारून घेतलं. मग ते धनश्रीकडे वळले. हॉलमधल्या लोकांना वाटलं, आता म्हातारा शाबासकी देतो की काय.

"घाई केली," आबा म्हणाले.

"अं?"

"पयली हुकली ना, तवा थांबायचं. दम घ्यायचा. तू तशीच दुसरी सोडली. म्हनून ती बी तिथंच गेली. दुसरी सोडताना खांदा वर आला तुजा."

"व्हय, आबा."

"त्यो खांदा बघ जरा. बाकी हात बरा हाय."

आखाड्यातून हरून आलेल्या पोराशी ते असंच बोलत, कपडे अंगात चढायच्या आधीच. तिच्याशी ते वीस वर्षांत असं बोलले नव्हते. तिनं खांदा एकदा वर घेऊन खाली सोडून दाखवला. आबांनी तो नीट पाहिला आणि मान डोलावली.

एवढ्यात फोटोवाला घाई करायला लागला. हळदीच्या फोटोंची ऑर्डर त्याचीच होती, तेव्हा त्यानं हे मधल्यामध्ये उरकायला घेतलं होतं. पहिली, दुसरी, तिसरी आलेल्या तिघींना त्यानं बोर्डाखाली उभं केलं. पुढच्या वर्षी याच जागी कोण असेल, याचा विचार धनश्रीच्या मनात आल्यावाचून राहिला नाही. ती आपोआपच कडेला, जरा लांब उभी राहिली.

"त्या कडेच्या ताई कटतायत," फोटोवाला कॅमेऱ्यातून म्हणाला. "जरा आत घ्या त्यांना."

अश्विनीनं कप डाव्या हातात घेतला आणि ती थोडी सरकली. धनश्री तिच्याशेजारी येऊन उभी राहिली.