धूर वर गेला पाहिजे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उद्यावर आली होती आणि आज संध्याकाळी झुंबरबाई खापर न्यायला येणार होती. म्हणजे पुनमच्या हातात उरला होता फक्त एक दिवस.

खापर म्हणजे पुरणाचे मांडे भाजायचं उपडं मातीचं भांडं. पिंप्राळ्याच्या त्या घरात ते तीन वर्षं माळ्यावर धूळ खात पडलं होतं. सासूबाईंना, भिकुबाईंना, दम्याने धरलं आणि डॉक्टरांनी बजावलं, चुलीच्या धुरात अजिबात बसायचं नाही. जिच्या मांड्यांसाठी लेक दिपमाला दोंडाईच्याहून धावत यायची, ती बाई सणाला विकतचा मांडा चघळत "ठीक शे" म्हणायला लागली. गॅसवर एकदा खापर ठेवून पाहिलं होतं. मांडा मधे करपला आणि कडेला कच्चाच राहिला. शेवटी भिकुबाईंनीच शेजारच्या झुंबरबाईला खापर घेऊन जायला सांगून टाकलं, "लई जाय. आठे पडी पडी फुटी जाई."

पण पुनमला, त्यांच्या सुनेला, ते पटेना. लग्नाला चार वर्षं झाली तरी मांडा हातावर फिरवून मोठा करायला ती शिकली नव्हती. खापर गेलं म्हणजे ते शिकणंही गेलं, आणि सासूबाईंची ऐटही गेली. तिने हट्टच धरला. मागच्या खोलीत चूल मांडली, पहाटे उठून पुरण वाटलं, कणीक तिंबून ठेवली आणि उखर्डूभाऊंना बोलावून घेतलं.

उखर्डूभाऊ कूलरचे पत्रे ठोकायचे. उन्हाळ्यात जळगावात नवरदेवापेक्षा त्यांचा भाव जास्त! पण भिकुबाईंचे मांडे त्यांनीही खाल्ले होते, म्हणून हातातली कामं टाकून आले. चुलीच्या मागून पत्र्याचं नळकांडं काढलं, स्लॅबमधून गच्चीवर नेलं, वर पावसापाण्याची टोपी बसवली.

"टाकीपेक्षा दोन हात उंच काढेल शे," ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले. "वारा कोठेच आडाव नही."

पुनमने बाभळीच्या लाकडांखाली तुराट्या पेटवल्या. धूर सांध्यांतून भसाभसा बाहेर आला. उखर्डूभाऊंनी शेणमातीने सांधे लिंपले. पुन्हा जाळ केला. आता सांधे गप्प होते, पण धूर चुलीच्या तोंडातूनच उलटा फिरला. भिकुबाईंपर्यंत जाऊ नये म्हणून पुनमने मधलं दार घट्ट लावलं. खिडकी आणि मागचं दार तर उन्हाच्या झळांमुळे सकाळपासून बंदच होती.

एवढ्यात ललित आला. पुनमचा नवरा तसा गुणी, पण घरकामात फक्त सल्ल्यापुरता. "एवढी शिकलेली तू, आणि एग्झॉस्ट फॅन लावायचं सुचलं नाही?" असं म्हणत त्याने बटण दाबलं. पंखा घरघरला. सगळ्यांनी आशेने वर पाहिलं. धूर दुप्पट झाला! उखर्डूभाऊ ठसकत खाली बसले.

मधल्या दारापलीकडून आवाज आला, "पुनम, डोया फुटी जातीन तुन्हा. जाऊ दे ते खापर!"

पुनमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यातलं सगळंच धुराचं नव्हतं.

आणि तेवढ्यात लाईट गेली.

"आता हेच बाकी होतं," ललित म्हणाला. पण पुनम हलली नाही. ती चुलीकडे टक लावून पाहत होती. धूर थबकला, मागे वळला आणि शहाण्या मुलासारखा नळकांड्यात शिरला. जाळ फुरफुरायला लागला.

"उखर्डूभाऊ, गच्चीवर जा! पळा!"

वरून आरोळी आली, "निंघना! निंघना! वर धूर निंघना!"

धूर निघाला होता! पुनमला नाचावंसं वाटलं. पण लाईट परत आली, पंखा घरघरला आणि धूर पुन्हा तोंडावर.

"बंद करा तो!" ती ओरडली. ललितने बटण बंद केलं. धूर वर. "चालू करा!" धूर खाली. "बंद!" धूर वर.

"अहो, आधी नळकांडं गार होतं म्हणून धूर उलटला. आता ते तापलंय, पण हा पंखाच आपला वैरी! हा खोलीतली हवा बाहेर ओढतोय, आणि दारं-खिडक्या आपण लावून बसलोय. मग याला हवा मिळणार कुठून? नळकांड्यातून! धूर आपणच खाली खेचून घेतोय!" तिने धावत जाऊन मागचं दार वीतभर उघडलं. चुलीने अशी ओढ घेतली की बाभळीच्या लाकडांचा नुसता लाल रसरशीत निखारा झाला.

साचलेला धूर निवळल्यावर पुनमने मधलं दार उघडलं. भिकुबाई पदर नाकाला लावूनच आत आल्या. चुलीसमोर उभ्या राहिल्या. हळूच पदर बाजूला केला आणि एक श्वास घेऊन पाहिला. मग दुसरा घेतला, चांगला लांब.

"कोठे ग्या धूर?"

"वर गेला, आई."

 भिकुबाईंनी साडी खोचली, पाट ओढला आणि खापर चुलीवर पालथं घातलं.

संध्याकाळी झुंबरबाई दारात आली तेव्हा चार मांडे भाजून झाले होते. "खापर लेवाले उनी का तू?" भिकुबाईंनी विचारलं. "आते ते नही भेटाव. बस. मांडा खा."

मग त्या सुनेकडे वळल्या. "हात पुढे कर."

त्यांनी पुरण भरलेला गोळा थापून पुनमच्या हातांवर टाकला. पुनमने जीव मुठीत धरून तो फिरवला, कोपरापर्यंत नेला, आणि मांडा मधोमध टर्रकन फाटून तिच्या गळ्यात पडला. झुंबरबाई फिसकन हसली. उखर्डूभाऊ हसले. ललितने हसू लपवायला तोंड फिरवलं.

भिकुबाई तर पाटावर मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. चुलीत बाभूळ जळत होती, त्या तिच्यापासून हातभर अंतरावर बसल्या होत्या, आणि तरी एकदाही खोकल्या नाहीत.