भिंतीमागची खडी

"सिग्नेबाई, तुमच्या शेजाऱ्यांना सांगा, पहार इकडं द्या म्हणावं."

शेजारी म्हणजे तैस्तो नीमी. तो रूडीपासून हातभर अंतरावर पहार धरूनच उभा होता. सिग्नेबाई मात्र लांब, आपल्या मागच्या दाराशी, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन खुर्चीत बसल्या होत्या.

"तैस्तो, तो पहार मागतोय," बाईंनी निरोप पोचवला.

"त्याला म्हणावं, हात लांब केला तर मिळेल."

"अरे, तुम्हा दोघांचे केस पांढरे झाले," सिग्नेबाई वैतागून म्हणाल्या. "माझी पतवंडं बरी की रे तुमच्यापेक्षा! भांडतात आणि जेवायच्या वेळेला विसरतात."

तैस्तोने पहार भिंतीला टेकवून ठेवली. रूडीने ती उचलली. हातातून हातात काही गेलं नाही.

रूडी हा तैस्तोचा मेव्हणा, त्याच्या बायकोचा, लेम्पीचा, धाकटा भाऊ. एके काळी अमेरिकेतल्या डुलूथ गावाच्या चढावरच्या निम्म्या घरांच्या भिंती या दोघांनी बांधल्या होत्या. इथे सगळं गावच सरोवराकाठच्या उतारावर वसलेलं. वरच्या घराचं अंगण खालच्या घराच्या डोक्यावर येऊ नये म्हणून मध्ये दगडाची भिंत लागते. ती नुसती उभी राहून भागत नाही, सबंध टेकडीचा भार तिला पाठीवर घ्यावा लागतो. माती भिजली की फुगते आणि गोठली की रेटते. म्हणून भिंतीमागे स्वच्छ खडी भरायची, तळाला पाइप टाकायचा, आणि पाणी बाहेर काढून द्यायचं. दगड तैस्तो बसवायचा, पाइपही तोच टाकायचा. खडी भरायचं काम रूडीचं.

तैस्तोच्या स्वतःच्या अंगणाची भिंतही दोघांनी अशीच बांधली. इतर सगळ्या भिंती ताठ राहिल्या आणि नेमकं हिनेच पोट काढलं. चार हिवाळे झाले नाहीत तोवर मधले दगड बाहेर यायला लागले. गवंड्याच्याच घराची भिंत फुगलेली! येणारा-जाणारा बघून हसायचा. तैस्तोला ते सहन होईना. एका सकाळी हार्डवेअरच्या दुकानात, जिथे सगळे कारागीर कॉफीला जमत, तिथे त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "आमच्या मेव्हण्याने खडीत माती घातली. ट्रकची एक खेप वाचवली त्याने."

"भिंत उघडा आणि बघा," रूडी म्हणाला होता.

"मला न उघडता कळतं."

भिंतीच्या कामात खडीत माती घालणं म्हणजे दुधात पाणी घालणं. बोलणारा तैस्तो नीमी, आणि त्याच्या शब्दाला या धंद्यात वजन. रूडीला पुढे भिंतीचं काम कोणी दिलं नाही. त्याने शाळेच्या बॉयलरवर नोकरी धरली आणि तिथेच म्हातारा झाला. बहिणीच्या घराची पायरी तो पुन्हा चढला नाही. लेम्पीच दर रविवारी वेलदोड्याचा गोड पाव भाजायची आणि बसने त्याच्याकडे घेऊन जायची. तैस्तोने तिला कधी अडवलं नाही आणि गाडीतून सोडलंही नाही.

गेल्या जानेवारीत लेम्पी गेली. जमीन गोठलेली, म्हणून शवपेटी दफनभूमीच्या कोठडीत ठेवली आणि मे महिन्यात माती दिली. रूडी दोन्ही वेळा आला, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि कॉफीला न थांबता निघून गेला.

या शरद ऋतूत भिंतीचा एक दगड निखळून खाली सिग्नेबाईंच्या पायऱ्यांवर आला. बाई तिथून कपडे वाळत घालून नुकत्याच आत गेल्या होत्या. भिंत आता हा हिवाळा काढणार नाही, हे तैस्तोला दिसत होतं. जमीन गोठायच्या आत ती उतरवून पुन्हा बांधायला हवी होती, आणि गुडघे तर केव्हाच निवृत्त झालेले. रूडीला फोन सिग्नेबाईंनीच केला.

"भिंतीला हात लावायला मी येत नाही," रूडी त्यांना म्हणाला. "मी खडी बघायला येतोय."

आणि आला तो स्वतःचं फावडं घेऊन. हात न लावता राहणं मात्र त्याला जमलं नाही. दगडांवर खडूने आकडे घालताना तैस्तोने एक आकडा चुकवला, तसा त्याने मुकाट्याने पुसून नीट केला. मग दोघे एकेक दगड उतरवू लागले. जड दगड आला की एक जण "हं" म्हणायचा, दुसरा "हं" म्हणायचा, आणि दगड खाली यायचा. एवढं बोलणं त्यांना पुरत होतं. जुनी सवय, दुसरं काय.

दुपारपर्यंत वरचे थर उतरले आणि मागची खडी उघडी पडली. रूडीने फावडं बाजूला ठेवलं. तो गुडघ्यांवर बसला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि ओंजळ भरून बाहेर काढली. करडी, गोल, धुतल्यासारखी खडी. त्याने दुसरीकडे हात घातला, मग तिसरीकडे. मातीचा कण नाही. शेवटची ओंजळ त्याने तैस्तोच्या बुटांवर ओतली.

"बघा."

तैस्तो बघत होता.

"आता सिग्नेबाईंना मध्ये घालू नका. मला सांगा. काय आहे ही?"

"खडी आहे."

"कशी आहे?"

तैस्तोने बुटावरचा एक खडा उचलला. "स्वच्छ आहे," तो म्हणाला.

"मोठ्याने म्हणा. त्या दिवशी तर सगळ्या दुकानाला ऐकू गेलं होतं."

"स्वच्छ आहे, रूडी. तुझी खडी स्वच्छ आहे."

रूडीचा चेहरा वेडावाकडा झाला. आनंद होईल असं त्याला इतकी वर्षं वाटत असणार, पण आनंद काही आला नाही. "चोर सोडून संन्याशाला सुळी दिलंत तुम्ही," तो म्हणाला. "मी कॉफी पिऊन येतो. तोवर चोर शोधून ठेवा." आणि नाक पुसत तो सिग्नेबाईंच्या स्वयंपाकघरात गेला. बाईही खुर्ची सोडून त्याच्या मागोमाग आत गेल्या.

तैस्तो एकटा उरला. खडी स्वच्छ होती, मग पाणी अडलं कुठे? तो भिंतीच्या टोकाशी गेला. तिथे पायऱ्यांच्या बाजूला पाइपाचं तोंड होतं, गवताने झाकलेलं. त्याने गवत उपटलं आणि सळई आत घातली. हातभर गेली आणि मऊ कशाला तरी अडली. त्याने टोक वाकवून आकडा केला, पुन्हा घातला आणि ओढलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा बुचासारखं काहीतरी सुटलं आणि गढूळ पाण्याचा लोंढा त्याच्या बुटांवरून पायऱ्यांवर धावला.

सळईच्या टोकाला लोकरीचा हातमोजा होता. आत जुन्या स्वेटरची चिंधी कोंबून कडक केलेला. चिखलाने काळा झालेला, तरी मनगटाशी हिरवी किनार दिसत होती. लेम्पी विणायची त्या प्रत्येक मोज्याला ती हिरवी किनार असायचीच.

तैस्तो ओल्या गवतात खाली बसला.

त्याला ते सगळं आठवलं, आणि आठवण्यासारखं फार नव्हतंच. भिंत नवी असतानाचा पहिला हिवाळा. पाइपातून येणारं पाणी पायऱ्यांवर गोठायचं. सिग्नेबाई त्यावरून घसरल्या आणि मनगट मोडून घेतलं. लेम्पी त्यांना रोज सूप नेऊन द्यायची. "अहो, त्या पाइपाचं काहीतरी करा ना," ती म्हणाली होती. तो पेपर वाचत होता. "पाणी कुठंतरी जाणारच. म्हातारीला म्हणावं, बघून चाल." ती आणखी एकदा म्हणाली, आणखी एकदा त्याने तेच उत्तर दिलं. मग ती बोलायची थांबली. तिला पटलं, असं तो समजला.

चुलीतली राख रोज सकाळी पायऱ्यांवर टाकली असती तरी झालं असतं. पाच मिनिटांचं काम. तेवढंही त्याने केलं नाही, म्हणून तिने तिला सुचलं ते केलं. झाडूच्या दांड्याने मोजा आत ढकलताना ती कशी वाकली असेल हे त्याला दिसलं.

पण मग भिंत फुगली तेव्हा? तो स्वयंपाकघरात रूडीच्या नावाने ओरडत होता आणि ती कणीक मळत होती, तेव्हा तिला कळलं होतं का? "उघडून तरी बघा," एवढंच ती म्हणाली होती. तिला ठाऊक होतं, की नव्हतं? आता विचारायचं कोणाला?

सिग्नेबाईंच्या स्वयंपाकघरात अजून कपबशा वाजत होत्या. तैस्तोने मोजा पिळला आणि कोटाच्या आत, शर्टाला लागून ठेवला. मग मधली खडी उपसून, कुदळ घेऊन तो पाइपाच्या मधल्या भागावर तुटून पडला. रूडी पायऱ्या चढून आला तोवर पाइपाचे तुकडे होऊन वर पडले होते.

"सापडला का चोर?" रूडीने विचारलं.

"सापडला." तैस्तोने पाठ सरळ केली. "पाइपाखाली मी धुम्मस नीट केली नव्हती, माती ठोकून घट्ट केली नव्हती. मधेच पाइप खचला, गाळ बसला, पाणी तुंबलं. बाकी काही नाही. माझंच काम कच्चं."

हे वाक्य बोलायला किती जड गेलं हे त्याचं त्यालाच माहीत. उभ्या आयुष्यात त्याच्या कामाला कोणी कच्चं म्हटलं नव्हतं. बायको गेल्यावर त्याच्याजवळ तेवढंच एक उरलं होतं.

रूडी तुकड्यांकडे बघत राहिला. ओरडेल, फावडं फेकेल, असं तैस्तोला वाटलं. रूडी नुसता खडीच्या ढिगावर बसला.

"धुम्मस," तो म्हणाला. "पोरसवदा गवंडीसुद्धा विसरत नाही हो, दाजी."

"विसरलो खरा."

"मी हे गावात सांगणार. दुकानात, सगळ्यांसमोर."

"सांग. मी बरोबर येतो."

रूडीने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याचा आवाज खाली आला. "लेम्पी असायला हवी होती आज. एकटी तीच माझ्या बाजूने होती. दर रविवारी पाव पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, रूडी, तुझं काही चुकलं नाही, मला माहीत आहे. मी म्हणायचो, ताई, तू भिंतीच्या आत जाऊन बघितलंस का? तर रडायची. कशावरून इतकं ठाम म्हणायची कोण जाणे."

तैस्तोने तोंड फिरवून सरोवराकडे केलं. शर्टातला मोजा गार लागत होता. म्हणजे तिला ठाऊक होतं. इतके रविवार ती ते घेऊन बसने जात होती आणि घेऊन परत येत होती. भावाला सांगावं तर तो तडक नवऱ्याला जाऊन सांगणार. आणि नवऱ्याला सांगायची तिला भीती वाटली. आपल्या घरात आपली बायको आपल्याला भीत होती, हे त्याला या वयात, या खड्ड्याच्या काठावर कळत होतं.

"तिला बहिणीची माया होती," तो कसाबसा म्हणाला. "माया कशाला पुरावा मागते?"

"तेही खरंच," रूडी म्हणाला आणि फावडं उचलून उभा राहिला. "चला. नवा पाइप आणलाय का? या खेपेला खालची धुम्मस मी करतो. तुमच्यावर भरवसा नाही."

पहिला बर्फ पडायच्या आत भिंत उभी राहिली, प्रत्येक दगड आपापल्या आकड्याच्या जागी. रूडीने शब्द पाळला. दुकानात त्याने सगळी कथा रंगवून सांगितली, आणि तैस्तो शेजारी कॉफीचा कप धरून मान डोलवत राहिला. "काय तैस्तो, खुर्चीखाली धुम्मस झालीय का? नाहीतर खचायचास!" असे विनोद झाले. तोही हसला. कित्येकांनी रूडीचा हात हातात घेऊन दाबला. काम द्यायला मात्र आता उशीर झाला होता. रूडी शनिवारच्या शनिवार तैस्तोकडे सौनाला यायला लागला. दोघे वाफेत घाम गाळत बसायचे आणि लेम्पीच्या लहानपणच्या गोष्टी रूडी सांगायचा. तैस्तो ऐकायचा. कधी कधी सगळं ओठांपर्यंत यायचं. तो तांब्याभर पाणी तापलेल्या दगडांवर ओतायचा आणि फुसकारा विरेपर्यंत गप्प राहायचा.

जानेवारीत दोन दिवस ऊन पडलं. पाइप वाहू लागला आणि सकाळपर्यंत सिग्नेबाईंच्या पायऱ्या काचेच्या झाल्या. तैस्तो राखेची बादली आणि हातकुऱ्हाड घेऊन खाली उतरला. गुडघा टेकून त्याने वरच्या पायरीवरचा बर्फ फोडायला सुरुवात केली.

सिग्नेबाईंनी दार फटभर उघडलं. "तैस्तो, रागावू नकोस बाबा. पण नव्या भिंतीत तू काहीतरी बिघडवलंस. इतकी वर्षं पायऱ्या कशा कोरड्या होत्या! माझं मनगट मोडलं तो पहिला हिवाळा सोडला, तर लेम्पी होती तोवर एक थेंब आला नाही."

कुऱ्हाड थांबली. "हो," तैस्तो म्हणाला. "तिचं लक्ष होतं."

"आणि तुझं?"

"आता आहे, सिग्नेबाई. दार लावून घ्या, गारठा आत येतोय."

बाईंनी दार लावलं. तैस्तोने त्या पायरीवर मुठीने राख पसरली, कडेपर्यंत, कोपऱ्यातसुद्धा. पाय ठेवून घसरत नाही ना ते पाहिलं, आणि बादली घेऊन तो खालच्या पायरीवरचा बर्फ फोडायला बसला.