बाकावरची चार वर्षं

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. शाळेतला नव्हे हो, मैदानावरचा. जळकोटच्या फुटबॉल मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेघेपासून चार पावलांवर माझी जागा. ज्यांना खेळायला मिळालं नाही ती पोरं माझ्यावर बसतात. तेव्हा माझ्याकडे कुणी हौसेनं येत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मला मोहियोद्दीन मिस्त्रींनी घडवलं. पाय बाभळीचे, फळी कडुलिंबाची. रंधा मारता मारता मिस्त्री मध्येच थांबले. मल्लिकार्जुन सरांनी कारण विचारलं, तर म्हणाले, यावर बसणारं पोरगं उठायलाच बघणार, त्याला लई गुळगुळीत फळी कशाला? तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पुढे पोरांची चुळबुळ सोसली आणि मिस्त्रींचं म्हणणं पटलं.

मल्लिकार्जुन सर म्हणजे जळकोटच्या संघाचे प्रशिक्षक. वीस वर्षं मी त्यांना अगदी जवळून बघत आलो. संघ हरला की गावातले शहाणे कुंपणापाशी जमायचे. याला का खेळवलं, त्याला का बसवलं, नुसता भडिमार. सर सगळं ऐकून घ्यायचे आणि एवढंच म्हणायचे, की संघ मी निवडला, बोलायचं ते मला बोला. त्यातलं एक अक्षर पोरांच्या कानावर जाऊ द्यायचे नाहीत. पंचांशी हुज्जत तर त्यांनी कधी घातलीच नाही.

उलट त्यांनी पोरांना एक वेगळीच शिस्त लावली होती. चेंडू हाताला लागला, तर पंचाची शिट्टी वाजायच्या आत आपणच हात वर करायचा. बाहेरगावची माणसं हसायची, येडीच हायत ही पोरं म्हणायची. पण हळूहळू पंचसुद्धा मानायला लागले, की जळकोटच्या पोरानं हात वर केला नाही म्हणजे चेंडू लागलाच नाही. काय सांगू, मला त्याचा केवढा अभिमान होता!

माझ्यावर सगळ्यांत जास्त कोण बसलं असेल, तर अनस. चार वर्षं. सरावाला तो सगळ्यांच्या आधी यायचा, चेंडूंत हवा भरायचा, आणि सामन्याच्या दिवशी मुकाट्यानं माझ्यावर येऊन बसायचा. कधी शेवटची पाच मिनिटं मिळायची, कधी तीही नाही. त्याच्या तोंडून कधी ब्र निघाला नाही. पुढे तो उदगीरला मोबाईलच्या दुकानात कामाला लागला, आणि पंचाची परीक्षाही पास झाला. ते कळलं तेव्हा सरांनी मैदानावर पेढे वाटले होते.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. कुंपणापाशी बोलणारी माणसं आता घरात बसून गावाच्या ग्रुपवर लिहू लागली. पाच वर्षं चषक नाही, सर थकले, आता दुसरा माणूस आणा. सर माझ्यावर बसून ते वाचायचे. फोन खिशात ठेवायचे, परत काढायचे. माणूस आतून पोखरला जात होता, आणि मी लाकडाचा, करणार काय?

यंदा जिल्ह्याची अंतिम लढत आमच्याच मैदानावर होती. समोर शिरूर अनंतपाळचा संघ. जिंकेल तो विभागीय स्पर्धेला नांदेडला जाणार. सामन्याच्या सकाळी सरांनी कधी केलं नव्हतं ते केलं. पोरांना समोर बसवलं आणि फोनवरचं सगळं वाचून दाखवलं.

"गाव काय म्हणायलंय ते ऐकलंत. आज न्हाई जिंकलो तर मी मैदान सोडलं समजा."

पोरांनी माना खाली घातल्या. मला तेव्हाच कसंसं झालं.

त्यातच नेमलेले पंच आजारी पडले. रेषेवरचा पंच म्हणून आलेल्या अनसकडे शिट्टी द्यायचं ठरलं. शिरूरवाल्यांनी खळखळ केली, हा तर जळकोटचाच पोरगा. तेव्हा सर स्वतः पुढे झाले आणि त्यांना शब्द दिला, की अनसच्या हातात शिट्टी असली तर निकाल खराच लागेल.

शेवटची चार मिनिटं उरली तरी गोल नव्हता. शिरूरच्या पोरानं जोरात चेंडू मारला, आमचा कप्तान सुदाम गोलपुढे आडवा गेला, आणि शिट्टी वाजली. हाताला लागला म्हणून पेनल्टी! सरांनी सुदामकडे पाहिलं. सुदामचे हात खालीच होते.

झालं. सर रेघ ओलांडून तरातरा आत गेले. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चार वर्षं बाकावर बसवलं, त्याचा राग काढायलास का रे?"

अनस सरांसमोर आला. त्यानं खिशातून पिवळं कार्ड काढून सरांना दाखवलं. शिरूरनं गोल केला आणि आम्ही हरलो.

सामना संपल्यावर सुदाम येऊन माझ्यावर बसला. शेजारी सर. तो खाली मान घालून बोलला.

"सर, लागला होता. हाताला."

"मग हात का न्हाई वर केलास?"

"तुम्ही मैदान सोडतो म्हणले होते."

मित्रांनो, मी पुष्कळ पराभव पाहिले आहेत, पण सरांचा चेहरा असा पडलेला कधी पाहिला नव्हता. ते सुदामला रागावले नाहीत. त्याच्या पाठीवर हात ठेवला, उठले, आणि बक्षीस समारंभ चालला होता तिकडे जाऊन माईक मागितला. पेनल्टी बरोबर होती, त्यांनी सांगितलं. आपण अनसला बोललो ते खोटं होतं आणि घाण होतं. सगळ्यांसमोर बोललो म्हणून सगळ्यांसमोर माफी मागतो.

लोक पांगल्यावर अनस आला आणि माझ्यावर बसला. सर जवळच उभे होते.

"खोटं न्हवतं सर," तो म्हणाला. "राग होता. चार वर्षं होता. शिट्टी वाजवली तेव्हा मात्र न्हवता." मग त्यानं विचारलं, "मी लई खराब खेळत होतो का?"

सर त्याच्या शेजारी टेकले.

"न्हाई रे. चांगला खेळायचास. पण दुसऱ्या कुणाला बसवलं की तो रुसायचा, त्याचा बाप भांडायला यायचा. तू काहीच म्हणत न्हवतास. म्हणून तुलाच बसवत गेलो."

अनसनं मान हलवली. डोळे पुसायला त्यानं बाही वर नेली, आणि सर दुसरीकडे पाहू लागले.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा डुगडुगता पाय दुरुस्त करा, असं मी मागत नाही. मागणं एवढंच आहे. तुमच्या संघात, वर्गात, घरातही कुणीतरी असं गप्प बसलेलं असेल. ते बोलत नाही म्हणजे त्याला चालतं, असं धरून चालू नका. त्याच्याजवळ जा आणि विचारा, तुला खेळायचंय का? चार वर्षांत अनसला हे कुणीही विचारलं नाही. तेव्हा मला बोलता येत असतं, तर मी विचारलं असतं.