दामासोचा नवस आणि पाण्याचं पिंप

दामासो चिडला की बोका मान्सा गावाचा बेसबॉल संघ जिंकायचा. गावातलं शेंबडं पोरही हे सांगू शकलं असतं. कोणी हातातला चेंडू सोडला, कोणी सासुरवाडीला निघाल्यासारखा रमतगमत धावला, की कॅप्टन दामासो तोंडावरची कॅचरची जाळी उपटून फेकायचा, बाकाशेजारच्या पाण्याच्या पिंपाला लाथ घालायचा आणि मग जे काही बोलायचा ते ऐकून साखर कारखान्याच्या भोंग्यालाही लाज वाटावी. त्यानंतर बोका मान्साच्या खेकड्यांना हरवणं कोणाच्या बापाला जमत नसे. हो, संघाचं नाव खेकडेच. खाडीकाठचं गाव, दुसरं काय ठेवणार?

दामासो मोठा खेळाडू होता हे कबूल. चार हंगाम तो अमेरिकेत खेळून आला होता, आता कारखान्यात उसाची क्रेन चालवायचा आणि रविवारी चेंडू असा टोलवायचा की तो शोधायला खाडीत होडी घालावी लागे. पण नुसत्या टोल्यांनी संघ चालत नाही. बाकीचे आठ जण जन्माचे आळशी होते. त्यांना हलवायचं ते त्या लाथेने.

हे मर्म नीट जाणणारा एकच माणूस होता, संघाचा व्यवस्थापक फेर्मिन. वय बासष्ट, व्यवस्थापकाची टोपी डोक्यावर चढून एकोणीस वर्षं झालेली. लोक म्हणत, फेर्मिनचे डावपेच फार खोल. खोल कसले! त्याचा डावपेच एकच, पिंप कुठे ठेवायचं. ते अर्धंच भरायचं, म्हणजे कॅप्टनचा अंगठा शाबूत राहतो. आणि बाकाच्या डाव्या टोकाला ठेवायचं, कारण दामासोची लाथ डाव्या पायाची. दामासो कॅप्टन झाल्यापासून एकतीस पिंपं कामी आली, आणि त्यातलं एकही वाया गेलं नाही.

मग जानेवारीत घात झाला. दामासोची आई, दोन्या चेपा, छातीला हात लावून स्वयंपाकघरात खाली बसली. दामासोने आव पाहिला ना ताव, थेट इग्वेच्या मोठ्या चर्चची वाट धरली आणि आल्ताग्रासियाच्या मातेपुढे गुडघे टेकून नवस बोलला, "माझ्या आईला उठव. हंगाम संपेपर्यंत मी कोणावर रागावणार नाही." तो परत येईपर्यंत आई उठून केळी तळत होती. डॉक्टर म्हणाले, गॅस झाला होता. पण नवस तो नवस. मातेला गॅस आणि हृदय यातला फरक सांगत बसायची बोका मान्सात पद्धत नाही.

त्या दिवसापासून दामासो गाईसारखा झाला. पिचर विल्फ्रिदोने चार चेंडू वाया घालवले तर दामासो त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "असू दे रे भावा. तुझा हातही माणसाचाच आहे." दुसऱ्या बेसवरच्या किकोने पायातून चेंडू सोडला तर म्हणायचा, "त्या चेंडूला पुढे जायचंच असेल." पहिल्या रविवारी खेळाडू घाबरले. दुसऱ्या रविवारी सुखावले. तिसऱ्या रविवारी किको मैदानात सावली बघून उभा राहू लागला. सातपैकी पाच सामने गेले.

क्लबचे अध्यक्ष पोलांको बर्फाच्या कारखान्याचे मालक. त्यांनी फेर्मिनला बोलावून घेतलं. "येत्या रविवारी हंगामाच्या शेवटच्या सामन्यात एल पालमारच्या बगळ्यांकडून हरलास तर ती टोपी माझ्या भाच्याला दे. पोरगा संगणकावर सगळं शिकून आलाय."

"त्याला पिंपाचं काही शिकवलंय का?" फेर्मिनने विचारलं.

"कसलं पिंप?"

फेर्मिनने टोपी सारखी केली आणि वाट धरली. तो घरी आला तेव्हा बायको कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. ती म्हणाली, "तू घरी बसलास ना, तर मी या कोंबड्या विकून टाकीन. इतक्या जणांना दिवसभर सांभाळायची ताकद नाही माझ्यात." ती टोपी काढली तर खाली कोण उरतो हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

म्हणून दामासोला चिडवायचं असं त्याने ठरवलं. सोमवारी त्याच्या कॉफीत चमचाभर मीठ घातलं. दामासो कप संपवून म्हणाला, "वा काका, समुद्राची आठवण आली." मंगळवारी फेर्मिनने डोळ्यात डोळे घालून सांगितलं, "तुझी लाडकी बॅट माझ्या बायकोने कपडे धोपटायला नेली." दामासोने काळजीने विचारलं, "कपडे स्वच्छ निघाले ना?" बुधवारी त्याच्या डाव्या बुटात चिकट काकवी ओतली. दामासोने बूट घातला, दोन पावलं टाकली, त्याचे कान लाल झाले, मानेची शीर टरारली. फेर्मिन हळूच पिंप पुढे सरकवणार, एवढ्यात दामासोने डोळे मिटले, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, "मुंग्यांनाही पोट आहे."

गुरुवारी फेर्मिन चर्चमध्ये पोचला. "फादर, एक दुपार या नवसातून सूट नाही का मिळणार? मातेला मी दहा मेणबत्त्या लावीन."

पाद्री एलिहिओ गंभीर झाले. "नवसाशी खेळ नको, फेर्मिन. पाप लागेल. रविवारी संध्याकाळी सहानंतर ये, मग बघू."

"सामना पाचला संपतो, फादर."

"असं का?" पाद्री म्हणाले आणि फारच मन लावून वाती कातरू लागले. तेव्हा फेर्मिनला आठवलं, हा माणूस जन्माने एल पालमारचा. दाराआडच्या खुंटीवर बगळ्याचं चित्र असलेली टोपीही लटकत होती. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच.

शुक्रवारी शेवटचा उपाय म्हणून तो दोन्या चेपाकडे गेला. "दोन्या चेपा, तुमच्यासाठी बोललेला नवस आहे. तुम्हीच त्याला मोकळा करा."

तिने कढईतली पळी वर काढली. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझं पोरगं माणसासारखं बोलतंय, आणि तुला तो ओरडायला हवाय? मेल्या, रविवारी मी स्वतः येते मैदानात. बघतेच त्याच्या वाटेला कोण जातं ते."

दोन्या चेपा कैक वर्षं मैदानात फिरकली नव्हती. ऊन बाधतं म्हणायची. रविवारी ती चर्चचा निळा झगा घालून आली, हातात भाताच्या टोपाचं झाकण. त्यात वेगळं काही नव्हतं, बोका मान्सातले लोक सामन्याला झाकणं बडवायला नेतातच. पण तिला दारातून येताना पाहून म्हाताऱ्या पंचाने घाईघाईने तोंडावरची जाळी खाली ओढली आणि बूट नीट बांधले. फेर्मिनला ते चमत्कारिक वाटलं, एवढंच.

सामना नेहमीच्याच वाटेने गेला. नऊपैकी आठव्या डावापर्यंत बगळे तीन, खेकडे एक. मग दामासोने जोरदार टोला हाणला, तिसऱ्या बेसपर्यंत पोचला, आणि पुढच्याच चेंडूवर गुण मिळवायला घरच्या बेसकडे सुटला. त्याने धुळीत अंग झोकून दिलं. त्याचा हात बेसवर टेकला होता हे खाडीपलीकडून कोळ्यांनीही पाहिलं असेल.

"बाद!" पंच ओरडला.

हजार माणसं एकदम पिंपाकडे पाहू लागली. फेर्मिनने ते पायाने हळूच बाकाच्या डाव्या टोकाला लोटलं आणि आयुष्यात केली नव्हती इतकी कळकळीची प्रार्थना केली.

दामासो उठला. त्याने धूळ झटकली. "पंचसाहेब, दिवसभर उन्हात उभं राहणं सोपं नाही," तो म्हणाला. मग बाकाकडे आला, पिंपाची तोटी सोडली आणि पेलाभर पाणी प्यायला. फेर्मिनने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. एकोणीस वर्षांच्या घामाने ती कडक झाली होती. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवावं असंही आता वाटत नव्हतं.

तेवढ्यात ठाण्णकन आवाज झाला. दोन्या चेपा लोकांच्या मांड्या तुडवत पायऱ्या उतरत होती.

"आंधळ्या!" तिने पंचाच्या नाकासमोर झाकण आपटलं. "वीस वर्षांपूर्वी याच मैदानात तुला चपलेने शहाणपण शिकवलं होतं, विसरलास? तेव्हा माझं पोर बारा वर्षांचं होतं. आता बत्तीस वर्षांचं आहे, तरी तुला दिसत नाही?"

पंचाने तिला बाहेर काढायला हात उचलला. मग खिशातून खेळाडूंची यादी काढून वाचली. "यादीत नाव नाही," तो पुटपुटला. "नाव नसलेल्या माणसाला मी काढू शकत नाही." निर्णय मात्र त्याने बदलला नाही.

दोन्या चेपा बाकाकडे वळली. "आणि तुम्ही! विल्फ्रिदो, तुझी आई दर शनिवारी माझ्याकडून वाटीभर साखर नेते, ती काय तू असला मऊ चेंडू टाकावास म्हणून? किको, कोंबडी तरी पाय उचलते रे! माझं पोर गोड बोलतंय तर डोक्यावर बसलात होय?" तिची नजर पिंपावर पडली. चर्चच्या बुटाची अशी काही लाथ बसली की पिंप बाकावरून उडून थेट बगळ्यांच्या बाकापर्यंत गेलं. दामासोचं एकही पिंप कधी इतकं लांब गेलं नव्हतं.

आणि फेर्मिनने पाहिलं, तिनेही डावाच पाय वापरला होता.

विल्फ्रिदोने पुढचे तिन्ही बगळे इतक्या झटपट बाद केले की झाकणं बडवणाऱ्यांचे हात हवेतच राहिले. मग शेवटच्या डावात खेकड्यांचे दोघे बाद झाले, पण विल्फ्रिदो आणि किको बेसवर पोचले. आता दामासो. फेर्मिनच्या टोपीचं काय ते यावर ठरणार होतं. दामासोने बगळ्यांच्या पिचरकडे बघून प्रेमाने स्मित केलं.

"दामासो!" जाळीमागून आई ओरडली. एवढंच.

घाबरून त्याने बॅट फिरवली. चेंडू कसाबसा जमिनीवरून गडगडत गेला. एरवी कोणीही बाद झालं असतं. पण दामासो बारा वर्षांचा होऊन, मागे चप्पल लागल्यासारखा धावत सुटला. बगळ्याने गडबडून चेंडू भिरकावला तो पार कुंपणाच्या कोपऱ्यात गेला. विल्फ्रिदो घरी आला. किको घरी आला, तोही पाय उचलत. बरोबरी झाली. दामासोने तिसरा बेस ओलांडला, चेंडूही परत आला, आणि दोघं एकदमच घरच्या बेसवर आदळले.

धूळ बसली. पंचाने आधी बेसकडे पाहिलंच नाही. त्याने जाळीमागे पाहिलं. झाकण वर उचललेलं होतं.

"बाद नाही!" पंच किंचाळला.

चार विरुद्ध तीन. लोक मैदानात घुसले. पाद्री एलिहिओ डोकं दुखतंय म्हणून घरी गेले. दामासो फेर्मिनच्या शेजारी येऊन धापा टाकत बसला. "काका, लोक मला मोठा कॅप्टन म्हणतात," तो म्हणाला. "खरं सांगू? आई मला सकाळी ज्या आवाजात उठवायची, तोच मी तुम्हा सगळ्यांवर काढत आलो. दुसरं मला काही येत नाही."

फेर्मिनने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्याला इतकं हायसं वाटलं की दामासोचा मुका घ्यावा. "पोरा, आणखी काही यायची गरजच नाही."

"हंगाम संपला ना, काका?"

"संपला."

"म्हणजे नवसही फिटला?"

"फिटला की!"

दामासोने सावकाश हातमोजे काढले. त्याचे कान लाल झाले. मानेची शीर टरारली.

"मग आता सांगा," तो म्हणाला, "माझ्या कॉफीत मीठ कोणी घातलं?"

फेर्मिनने पिंपाकडे पाहिलं. ते बगळ्यांच्या बाकापाशी आडवं पडलं होतं. मग बासष्ट वर्षांचा फेर्मिन टोपी घट्ट धरून पहिल्या बेसकडे जो सुटला, तो दुसरा, तिसरा करत पळतच राहिला, आणि त्या हंगामात बोका मान्साकडून इतक्या वेगाने कोणीच धावलं नव्हतं.

"पाय उचल, फेर्मिन!" दोन्या चेपा झाकण बडवत ओरडली.